लॅपटॉपची बॅटरी मालकाला बदलता आली पाहिजे

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकात धुळे–सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केज–अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता छेदतो. अशा चौफुलीच्या गावात सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामं लॅपटॉपवरच होतात. लाईट गेली की लॅपटॉपने तासभर तरी तग धरावा, एवढीच अपेक्षा असते. बॅटरी बॅकअप देत नसेल तर भरत आलेला अर्ज जातो, ओटीपीची मुदत संपते आणि वाडीवस्तीवरून आलेल्या माणसाचा रोज बुडतो. बाकी लॅपटॉप ठणठणीत असतो. मग एवढा एक भाग बदलणं इतकं अवघड का?

बॅटरी का खपते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. चार्ज करताना लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, वापरताना परत येतात. या ये-जा करण्यात थोडं लिथियम दर वेळी इलेक्ट्रोडवरच्या थरात अडकून पडतं आणि क्षमता घटत जाते. बऱ्याच बॅटऱ्या ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर उतरणीला लागतात. काही अलीकडच्या १००० पर्यंत जातात. उष्णता ही झीज वाढवते. बीडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, दिवसभर शंभर टक्के चार्जवर जोडून ठेवलेला लॅपटॉप म्हणजे बॅटरीसाठी सगळ्यात वाईट अवस्था. मोटारसायकलचं टायर झिजावं तशी बॅटरी झिजणारच. टायर बदलायला कोणी गाडी कंपनीकडे पाठवत नाही.

आपली बॅटरी किती उरली?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात दोन आकडे पाहायचे : 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. पहिला ४२,००० मिलिवॉट-तास आणि दुसरा २१,००० असेल, तर निम्मी बॅटरी संपली असं समजावं.

लॅपटॉप टेबलावर ठेवून बोटाने कोपरे दाबून पाहा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर आला असेल, क्लिक घट्ट झाली असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. आतलं रसायन विघटित होऊन वायू साठतो. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जही करू नये. लॅपटॉप बंद करून जाणकाराकडे न्यावा.

खटक्यापासून गोंदापर्यंत

पूर्वी लॅपटॉप उलटा करून दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची. तिच्यात १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल असायचे. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये बॅटरी आत बंद झाली आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी तीच वाट धरली. पातळ पाकिटासारख्या सेलना जाड प्लास्टिकचं कवच लागत नाही, खटक्याची जागा वाचते, त्यामुळे लॅपटॉप सडपातळ होतो. हा फायदा खरा आहे. पण आत बसवलेली बॅटरी स्क्रूनेही धरून ठेवता येते. गोंदच लावायला हवा असं नाही.

बदलायची कशी?

बॅटरी निदान पाव चार्जपर्यंत उतरू द्यावी. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. तळाचे स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडावं, कारण आखूड स्क्रूच्या जागी लांब घातला तर मदरबोर्डला इजा होते. कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पातळ प्लास्टिकने सोडवाव्यात. तळ उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढावा. नवी बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवून पाहावं. भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्हही बघावं.

बॅटरी नुसत्या स्क्रूंवर असेल तर सवय असलेल्याला हे काम अर्ध्या तासाचं. चिकटवलेली असेल तर घरी हात घालू नये. धातूच्या पात्याने उचकटताना सेलला भोक पडलं तर आग लागते. काही मॉडेलमध्ये ती कीबोर्डच्या भागालाच चिकटलेली असते, म्हणून अधिकृत केंद्रात तो अख्खा भाग बदलतात आणि बिल वाढतं. शिवाय ते केंद्र जवळ नसलं, तर मांजरसुंब्याच्या माणसाला सुमारे दीडशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं आणि लॅपटॉप येईपर्यंत काम ठप्प.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे, आणि मॉडेल बंद झाल्यावरही किमान ५ वर्षं ती मिळाली पाहिजे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. युरोपासारखी सक्ती इथेही हवी, कारण सेवा केंद्र जितकं लांब, तितकी या नियमाची गरज मोठी.

तोवर नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : बॅटरी स्क्रूवर आहे की चिकटवलेली? सुटी मिळते का, आणि केवढ्याला? जवळचं सेवा केंद्र कोणत्या गावात? उत्तरं बिलाच्या मागे लिहून घ्या. किंमत आणि रॅम सगळेच विचारतात. लॅपटॉप दोन वर्षं चालणार की सात, ते बहुतेक वेळा या तीन उत्तरांवर ठरतं.