सिद्धांत आणि प्रमेय

मराठीत ‘सिद्धांत’ या शब्दावर आपण भलतेच ओझे लादले आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) तो ज्योतिषग्रंथाचा प्रकार आहे, आइन्स्टाइनची सापेक्षताही सिद्धांतच, आणि पायथागोरसचे प्रमेयही बोलण्यात ‘पायथागोरसचा सिद्धांत’ होते. या सरमिसळीमुळे गणिताचे वेगळेपण झाकले जाते.

प्रमेय म्हणजे सिद्ध झालेले एक विधान. काटेकोर अर्थाने गणितातील सिद्धांत म्हणजे काही गृहीतके आणि त्यांतून तर्काने निघणारी सगळी प्रमेये. ‘संख्या सिद्धांत’ म्हणताना आपण एखाद्या विषयाच्या साऱ्या अभ्यासालाही ते नाव देतो. पण गाभा हाच.

भौतिकशास्त्रात न्यायाधीश निसर्ग असतो. बुधाच्या कक्षेचा उपसूर्यबिंदू दर शतकात सुमारे ४३ विकला जादा सरकतो. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाला हा हिशोब जुळवता येईना. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने तो जुळवला आणि न्यूटनच्या सिद्धांताची मर्यादा उघड झाली.

गणितात असा साक्षीदार बोलावता येत नाही. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, असा युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचा आशय. ते बाकीच्या गृहीतकांतून सिद्ध करण्याची खटपट दोन हजार वर्षे चालली. लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोल्याई (१८३२) यांनी उलट मार्ग धरला: अशा अनेक समांतर रेषा असतात असे मानले, तर काय होईल? एक नवी भूमिती उभी राहिली. तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. पुढे बेल्ट्रामीने १८६८ मध्ये दाखवले, की युक्लिडची भूमिती विसंगतीपासून मुक्त असेल, तर हीही आहे.

मग खरी कोणती? गणित म्हणून दोन्ही. भोवतालच्या अवकाशाला कोणती लागू पडते, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा. आइन्स्टाइनने अवकाशाच्या वर्णनासाठी रीमानची वक्र भूमिती घेतली, तरी युक्लिडचे एकही प्रमेय त्यामुळे खोटे ठरले नाही.

गणिताच्या निश्चिततेची किंमत ही आहे. ‘जग असे आहे’ असे ते सांगत नाही. ‘एवढे मानलेत, तर हे टाळता येणार नाही’ एवढेच सांगते. म्हणून मराठीत तरी सिद्ध विधानाला प्रमेय म्हणावे आणि सिद्धांत हा शब्द त्या साऱ्या इमारतीसाठी, तिच्या पायासकट, राखून ठेवावा.