बांधावाचून शेती करणारे लॅक्स्टन

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या देशात शेतकऱ्याचे घर पुष्कळदा गावापासून दूर, शेतातच असते. लॅक्स्टनमध्ये मात्र घरे, कोठारे व गोठे गावच्या रस्त्यालगतच आहेत. कारण एकेकाची जमीन एका जागी नसून तीन विस्तीर्ण शेतांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली आहे.

मध्य इंग्लंडमध्ये ही पद्धत एके काळी सर्रास होती. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटच्या ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमिनीस कुंपणे पडली आणि ती लोपली. लॅक्स्टनचीही काही जमीन कुंपणात गेली. परंतु वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड ही शेते उरली. मार्क पिअर्सने १६३५ साली केलेल्या नकाशात तेव्हाचा एकेक पट्टा दाखविलेला आहे.

पिकांचा फेर सर्वांस सारखाच. एका शेतात थंडीपूर्वी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरावयाचे पीक, तिसरे पडीक. पडिकात पूर्वी गावाची मेंढरे एकत्र चरत. पुढे तेथे चाऱ्याची पिकेही येऊ लागली. नांगरास न जुमानणारे उतार व ओलसर सखल भाग गवताखाली ठेवलेले असून त्यांतील गवताचा दरवर्षी लिलाव होतो.

हे गाव १९५२ साली सरकारच्या शेती खात्याने विकत घेतले. १९८१ मध्ये ते राजसंपदेकडे व २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटीकडे गेले.

पट्ट्यांमध्ये बांध नाहीत, केवळ सरी असते. नांगराचे एखादे तास शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामायिक गवतात सरकविण्याचा मोह तेथेही होतोच! म्हणून नोव्हेंबरअखेरीस गावचे पंच गव्हाच्या शेतात फिरतात, हद्दी पाहतात व जेथे शंका येईल तेथे खुंट्या ठोकतात. पुढील आठवड्यात गावातील डव्हकोट नावाच्या मद्यगृहात ग्रामसभा बसते. तीस ‘कोर्ट लीट’ म्हणतात. अतिक्रमण करणाऱ्यास तेथे दंड होतो. रक्कम अल्प असते. पण दंड करणारे स्वतः शेजारचे शेतकरी असतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याही पट्ट्याची पाहणी व्हावयाची असते. इंग्लंडमधील अशा जुन्या सभांचे न्यायाधिकार १९७७ च्या कायद्याने काढून घेण्यात आले, तेव्हा लॅक्स्टनच्या सभेस त्यातून वगळण्यात आले.