आधी माणसं मोजा

लग्न ठरलं की आमच्या इचलकरंजीत पहिली धावपळ हॉलसाठी होते. सुपारी फुटायच्या आत कुणीतरी हॉलवाल्याला फोन लावलेला असतो. माझं म्हणणं असं, की हॉल नंतर. आधी माणसं मोजा. पानं किती वाढायची हे कळल्याशिवाय हॉल केवढा, भांडी किती, टँकर किती, आहेराच्या साड्या किती, यातलं काहीच ठरत नाही. सायझिंगला, म्हणजे खळ लावायला, सूत देताना बीमला तारा किती आणि ताणा किती मीटर हे आधी लिहून द्यावं लागतं. लग्नाचंही तसंच आहे.

मी कापडाच्या पेढीवर दिवाणजी होतो. हिशेब लिहायची सवय, म्हणून भावकीतल्या आणि गल्लीतल्या लग्नांच्या वह्या माझ्याकडे येत गेल्या. निवृत्त झालो तसं तेच काम होऊन बसलं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गाव मागावर जगतं. इथल्या मांडवात कामगार, जॉबर, कांडीवाला, वहिफणीवाला, घडीवाला अशी मागाच्या धंद्यातली निरनिराळी कामं करणारी माणसं आणि कारखानदार शेजारी शेजारी बसतात. मागावरच्या माणसाची मजुरी विणलेल्या कापडावर असते. तो लग्नाला आला म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडून आला, नाहीतर रात्रपाळी करून न झोपता आला. म्हणून वेळेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पत्रिकेवर साडेबारा छापायचं आणि वरातीत नाचत दोन वाजवायचे, हा त्या माणसाचा अपमान आहे. असे कितीतरी लोक अक्षता टाकून उपाशी पाळीवर गेलेले मी पाहिले आहेत.

यादीला बसताना दोन्हीकडची चार-चार वडीलधारी माणसं, एक वही आणि एकच पेन. लग्न कुणाच्या दारात, जेवणाचा खर्च कुणाचा, मणी-मंगळसूत्र कुणी करायचं, कपडे ज्याचे त्यानं का एकत्र, हे ओळीनं लिहायचं आणि खाली सह्या घ्यायच्या. "पाव्हणं, आपल्यात कशाला लिहायला पाहिजे?" असं कुणीतरी म्हणतंच. तिथंच लिहायला पाहिजे. पुढची रुसवाफुगवी बहुतेक न लिहिलेल्या गोष्टींवरून होते. एक गोष्ट मात्र मी वहीत उतरवत नाही. हुंडा. १९६१ च्या कायद्यानं देणाराही गुन्हेगार ठरतो. 'स्वखुशीनं' म्हणून कुणी आकडा सांगायला लागला की मी पेन खाली ठेवतो.

याच बैठकीत माणसांचा आकडा काढायचा. घरटी नावं लिहायची. 'गल्लीतली सगळी' असं लिहिलं तर तो आकडा नव्हे. नावं लिहिली की मोजता येतात, आणि कुणाला वगळायचं हे अवघड बोलणंही त्याच दिवशी होऊन जातं. मसालेभाताला शंभर पानांमागं दहा-बारा किलो तांदूळ, हा आमच्या आचाऱ्याचा हिशेब. पान मोजलेलं असेल तर अन्न उकिरड्यावर जात नाही. आमच्या भागात जैन समाज मोठा आहे. संध्याकाळचं लग्न असेल तर त्यांची पंगत सूर्यास्ताआधी उठली पाहिजे, आणि कांदा-लसूण-बटाटा नसलेली भाजी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. हे आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगून चालत नाही, ठरवतानाच सांगायचं.

तारखेचं थोडक्यात सांगतो. चातुर्मास, पौष, अधिक महिना आणि गुरू-शुक्राचा अस्त सोडला की उरलेल्या दिवसांवर सगळा जिल्हा तुटून पडतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये दोन्ही ग्रह अस्ताला होते, मुहूर्त जवळजवळ मिळेनात. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. अशा वर्षी ज्यांना चालतं त्यांनी तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस धरावेत. थंडीत अन्न टिकतं, म्हातारी माणसं उन्हात बसत नाहीत, आणि पाण्याची ओढही कमी असते.

पाणी. इचलकरंजीत लग्न करणाऱ्यानं याच्यावर सगळ्यात जास्त डोकं लावायला पाहिजे. पंचगंगा गावाला लागून वाहते, पण तिचं पाणी कसं आहे हे आम्ही जाणतो. कृष्णेचं पाणी शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून नळानं आणलेलं आहे, आणि ती जलवाहिनी फुटली की गाव कोरडं. दूधगंगेचं पाणी गावाला आणायच्या सुळकूड योजनेवरून किती आंदोलनं झाली. नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला पाठ असतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना मात्र ठाऊक नसतं. म्हणून हॉल बघायला गेलात की स्टेज, दिवे नंतर बघा. आधी टाकी बघा. टाकी केवढी, बोअर आहे का, संडास किती आणि तिथं बादलीत पाणी असतं का, हे विचारा. त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं, वापरायचं पाणी आणि पोटात जाणारं पाणी वेगळं ठेवा. २०१२ साली या गावात काविळीची मोठी साथ आली होती, माणसं दगावली. त्या उन्हाळ्यानंतर मी नियमच केला, की मठ्ठ्याचं, सरबताचं आणि पिण्याचं पाणी कुठून येतंय हे घरच्या एका जबाबदार माणसानं स्वतः बघायचं. टँकरवाल्याला विचारायचं, भरला कुठं? सरबतातल्या बर्फाचीही चौकशी करायची, कारण पुष्कळदा तो माशांसाठी केलेला असतो, खायचा नसतो. माझ्या वहीत 'पाणी' या नावाचं स्वतंत्र पान असतं आणि त्यावर एकाच माणसाचं नाव असतं. शक्यतो नवरीचा मामा नको, त्याला मांडवात काम असतं. एखादा शांत डोक्याचा जावई बरा.

आता बस्ता. नवरीचा शालू, हळदीची साडी, मामाकडची अष्टपुत्री, दोन्ही वरमायांच्या साड्या, नवरदेवाचा पोशाख, हे आनंदानं घ्यावं. खरा पैसा त्यात जात नाही. तो जातो आहेरात. टॉवेल-टोपी, खण, पँट-शर्टचं कापड आणि 'द्यायच्या साड्या'. दुकानदार या साड्यांचा गठ्ठा वेगळाच काढतो, आणि घेणारीही एकीची घडी न मोडता पुढच्या लग्नात तीच देते. माझं सगळं आयुष्य कापडात गेलं. कापडाचा पोत बोटांनी कळतो मला. कुणीतरी रात्र जागून विणलेलं कापड कधीच कुणाच्या अंगावर जाणार नाही, हे ठाऊक असताना ते विकत घ्यायचं, याचा मला मनापासून त्रास होतो. कापडाच्या गावात तरी ही रीत मोडायला हवी. मोजक्या माणसांना नेसल्या जातील अशा चांगल्या सुती साड्या द्या आणि बाकीच्यांसाठी पत्रिकेवरच छापा, की आहेर देणार नाही, घेणार नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही तसं छापलं. एक-दोन आत्या रुसल्या, त्यांच्या घरी जाऊन आलो, रुसवा निघाला.

हे मी एवढं आग्रहानं बोलतो, कारण आमच्या ओळखीतल्या एका खर्चीवाल्यानं, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्यानं, मुलीच्या लग्नासाठी निम्मे माग विकले. साधे माग ते, भंगाराच्या भावानं गेले. त्या दिवशी मांडव भरला होता, जिलेबीला नाव ठेवायला जागा नव्हती. पुढं तो माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला. त्यानं लग्नाआधी मला विचारलं होतं, "दिवाणजी, एवढ्यानं भागंल का?" मी म्हणालो होतो, पानं निम्मी करा. ते त्याला लोकलाजेनं जमलं नाही.

कमी खर्चाचं लग्न आपल्याकडं नवं नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहिताविना, साधेपणानं पहिलं लग्न लावलं, आणि शाहू महाराजांच्या काळात ती रीत आपल्या कोल्हापुरात चांगली रुजली. तसं लग्न करायचं धाडस सगळ्यांना होईल असं नाही. पण गरजेपुरतीच माणसं बोलवायला कुठला धर्म आड येत नाही.

आणखी एक काम सांगतो. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करायची असते. गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात महापालिकेकडे. अर्जावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. ती सही घ्यायला नंतर गुरुजींच्या मागं फिरण्यापेक्षा अर्ज आधीच आणून ठेवा, आणि पंगती उठायच्या आत मांडवातच सगळ्यांच्या सह्या घ्या.