शिरेंतील दीर्घ मुदतीची नळी

परिचारिका दंडास पट्टा आवळते, मूठ मिटावयास सांगते, मनगटावर टिचक्या मारते. परंतु शीर कांहीं हातीं लागत नाहीं. दुसरी सुई होते, तिसरी होते. हात काळानिळा पडतो आणि रुग्ण मान फिरवितो. महाड-पोलादपूरकडील घराघरांतून हा प्रसंग परिचयाचा आहे. या भयानें कोणी उपचारच अर्ध्यावर सोडतो, ही गोष्ट मात्र सुईपेक्षां फार घातक होय.

शीर न सांपडणें हा रुग्णाचा अपराध नव्हे. शरीरांतील पाणी आटलें म्हणजे शिरा मिटतात. लहान मुलांच्या शिरा मुळांतच बारीक असतात. आणि कर्करोगावरील कांहीं दाहक औषधांनीं त्या आंतून कडक होतात. ओढ्यांत टाकलेला चुना सगळा ओढा पांढरा करतो. सावित्रीच्या पुरांत त्याचा मागमूसही राहत नाहीं. तद्वत् दाहक औषध बारीक शिरेंत न सोडतां हृदयाजवळील मोठ्या शिरेंत सोडलें, तर तें तत्काळ रक्तांत मिसळून सौम्य होतें.

तेथवर हातांतून वाट आहे, हें १९२९ सालीं वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरनें स्वतःच्या दंडांतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सारून दाखविलें. १९५६ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

आज जिला ‘पिक लाइन’ म्हणतात ती नळी याच वाटेनें जाते. कोपराच्या वर जागा बधिर करतात, सोनोग्राफीनें खोलवरची शीर पाहतात आणि मऊ, बारीक नळी आंत सरकवितात. तिचें टोंक हृदयाच्या किंचित् वर ठेवून क्ष-किरणांनीं खात्री करून घेतात. ती कित्येक आठवडे, प्रसंगीं महिनेही राहते. उपचार फार लांबणार असतील, तर छातीच्या त्वचेखालीं ‘पोर्ट’ नांवाची डबी बसवितात.

परंतु नळी सर्वांसच योग्य नव्हे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांत पुढें डायलिसिससाठीं हाताच्या शिरा राखाव्या लागतात. त्या रुग्णांत ही नळी शक्यतों टाळतात. तसेंच, तोंडानें औषध देतां येईल काय, हा प्रश्न आधीं विचारावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळ्यांचा उपयोग १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत मांडला. गोळीनें केवढें काम होतें, याचें उदाहरण या गांवानेंच जगास दिलें आहे.

नळी बसविली म्हणजे काम संपलें असें नाहीं. घरची जबाबदारी तेथूनच सुरू होते. उपचार नसले तरी साधारणतः आठवड्यास एकदां नळी सलाईननें धुवावी लागते व पट्टी बदलावी लागते. स्नानाच्या वेळीं हात झांकून कोरडा ठेवावा. लावणीच्या चिखलांत उतरूं नये. जड ओझें उचलूं नये. त्या हाताचा रक्तदाब मोजूं देऊं नये.

थंडी वाजून ताप आला, विशेषतः नळी धुतल्यानंतर हुडहुडी भरली, हात सुजला, किंवा नळी बाहेर सरकली, तर उजाडण्याची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा. बाहेर आलेली नळी आंत ढकलूं नये. ती तुटल्यास तुटल्या जागेच्या वर, दंडाच्या बाजूस, दुमडून घट्ट धरावी आणि तसेंच रुग्णालय गांठावें.

मुंबईस उपचार घेऊन परतणाऱ्या रुग्णानें पावसाचा विचार आधींच करावा. २०२१ च्या जुलै महिन्यांत महाड पाण्याखालीं गेलें होतें. तेव्हां नळी जवळपास कोण धुईल, पट्टीचें साहित्य किती दिवसांचें हवें, आणि अडचणींत कोणास विचारावयाचें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून घेतल्याखेरीज रुग्णालयाची पायरी उतरूं नये.