वाचनालयाच्या गल्ल्यात पैसे येतात कुठून?

‘सार्वजनिक वाचनालय म्हणजे सरकारी’ हा सगळ्यात पक्का गैरसमज. महाराष्ट्रात सरकार स्वतः चालवतं ती शासकीय विभागीय आणि जिल्हा ग्रंथालयं. गावोगावची बाकीची हजारो वाचनालयं नोंदणीकृत संस्थांची आहेत. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं, तेही हप्त्यांनी. कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही.

‘पण सभासदांची अनामत असते ना?’ असते, पण ते उत्पन्न नव्हे, देणं आहे. सभासदत्व सोडणाऱ्याला ती परत करावी लागते. हाती राहतं ते बँकेतलं व्याज. वर्गणी दहा रुपयांनी वाढवायची म्हटली तरी वार्षिक सभेत आवाज चढतात. मग भिस्त राहते बाजूच्या कमाईवर: दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी, सभागृहाचं आणि रस्त्याकडेच्या गाळ्यांचं भाडं, स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची अभ्यासिका. अभ्यासिकेची फी घेतली की ‘धंदा मांडला’ म्हणणारे भेटतात. घरी अभ्यासाला कोपराही नसलेल्या मुलाला विचारा, तो असं म्हणणार नाही. फी मात्र त्याला परवडेल इतकीच हवी.

‘घरातली जुनी पुस्तकं दिली, म्हणजे मदत झाली.’ क्वचित होते. एरवी कालबाह्य गाइडं आणि वाळवी लागलेले गठ्ठे येतात. चांगल्या पुस्तकालाही दाखल क्रमांक, शिक्का, बांधणी, कपाट लागतं. एकदा नोंदवहीत चढलेलं पुस्तक सहज रद्दीत घालता येत नाही, रीतसर निर्लेखन करावं लागतं. म्हणून आधी यादी पाठवून विचारावं. हल्ली वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या स्मरणार्थ रोख रक्कम देणारेही असतात. ती कायम ठेवीत गेली, तर व्याजातून दरवर्षी नवी पुस्तकं येतात.

‘कंपन्या शाळा-दवाखान्यांनाच पैसे देतात’ हेही खरं नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अडतं ते कागदांवर: लेखापरीक्षण रखडलेलं, प्राप्तिकराची नोंदणी नाही. याच नोंदणीवर, म्हणजे सगळे ज्याला 80जी म्हणतात त्यावर, देणगीदाराची करसवलतही अवलंबून असते. ती पूर्ण रकमेवर मिळत नाही, नव्या करप्रणालीत मिळतच नाही आणि दोन हजारांवरची देणगी नोटांत दिली तरीही मिळत नाही. तेव्हा चेक द्या आणि पावती मागून घ्या.