उन्हाळा, छप्पर आणि घरखर्चाचें कोष्टक

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतात. कालव्यांनीं येथें उसाचे मळे हिरवे केले, परंतु चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांपर्यंत चढतो, तो कालव्यांना जुमानीत नाहीं. थंड देशांत घरांतील ऊब बाहेर जाऊं नये म्हणून भिंतींना व छपराला जाड अस्तर घालतात. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे, बाहेरची आंच आंत येऊं नये हा. तेव्हां बचतीचा पहिला रुपया कोठें खर्चावा, याविषयीं आमचा अनुभव वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें इंदापूर तालुक्यांतील जुनें घर माळवदाचें होतें. तुळयांवर फळ्या आणि त्यांवर हातभर पांढरी माती. तें गळे, त्याला वाळवी लागे, दरसाल मृगापूर्वीं वर माती टाकावी लागे. म्हणून आम्हींच तें उतरवून स्लॅबचें घर बांधलें. पांच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रीं, माणसें निजावयास येतात त्याच वेळीं, तें खालीं सोडतो. आमच्या मातुःश्री पूर्वीं उन्हाळ्यांत अंगणांत बाजेवर निजत. दोन वर्षांपूर्वीं त्या पाय घसरून पडल्या, तेव्हांपासून त्यांना आंतच निजावें लागतें. गेल्या वैशाखांत त्यांचा रात्र रात्र डोळा लागेना. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, आईच्या खोलींत एसी बसवूं." घरचा पैसा समाईक, म्हणून जन्मभराच्या मास्तरकीस अनुसरून आम्हीं प्रथम कोष्टक मांडलें.

एक हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. कर धरून युनिटास आठ रुपये पडतात असें आम्हीं सोयीसाठीं मानलें. वाचकांनीं आपलें बिल पाहून आंकडा बदलावा, कारण वापर वाढेल तसा युनिटाचा दरही पायरीपायरीनें चढतो.

६० वॉटच्या जुन्या बल्बाऐवजीं ९ वॉटचा एलईडी दिवा रोज पांच तास लावला, तर वर्षाकांठीं सुमारें ९३ युनिटें, म्हणजे ७४४ रुपये वांचतात. शंभर रुपयांचा दिवा दोन महिन्यांच्या आंत फिटतो. २०१५ सालीं उजाला योजना निघाल्यापासून हे दिवे सर्वत्र झाले, तरी गोठ्यांत आणि न्हाणींत जुना बल्ब अजून आढळतो.

साधा पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉट. रोज बारा तास व वर्षांत २४० दिवस धरले तर सुमारें १३० युनिटें, म्हणजे १,०४० रुपये वांचतात. तीन हजारांचा पंखा तीन वर्षांत फिटतो. म्हणून जो पंखा अहोरात्र फिरतो तोच प्रथम बदलावा. पाहुण्यांच्या खोलींतला खुशाल राहूं द्यावा.

एसीला रात्रीं सहा युनिटें धरलीं तर नव्वद रात्रींचे ४,३२० रुपये होतात, यंत्राची किंमत वेगळी. दोनशें वॉटचा कूलर आठ तासांत दीड-पावणेदोन युनिटांत भागतो. आमच्या कोरड्या हवेस तो मानवतो. मात्र त्यास पाणी लागतें, आणि पावसाळ्यांतील दमट हवेंत तो निरुपयोगी ठरतो.

छपरास चुना देणें आमच्या कोष्टकांत शेवटीं आलें, कारण ज्या घरांत एसीच नाहीं तेथें चुन्यानें वीज ती काय वांचणार! आम्हीं तसें वाचून दाखविलें. तेव्हां सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, यांत आजींच्या झोपेचा रकाना कोठें आहे?"

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं स्लॅबवर दाट चुन्याचे दोन हात दिले. मजुरीसह दोन हजारांच्या आंत काम झालें. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून वाळ्याचा पडदा सोडला, कारण ऊन कांचेबाहेर अडविलें तरच खरें अडतें. खिडक्या दिवसां बंद व रात्रीं उघड्या ठेवूं लागलों. पूर्वीं रात्रीं नऊ वाजतां पंख्याखालींही तव्यासारखी धग येई. ती पुष्कळच उतरली. कूलर लावून मातुःश्री झोपूं लागल्या.

चुना पावसानें धुपतो, दर फाल्गुनांत पुन्हां द्यावा लागतो. स्लॅबवर थर्मोकोल व फरशी घालण्यास याच्या कितीतरी पट खर्च येतो. ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर एसी दिवसभर चालतो त्यांनीं त्याचा हिशेब अवश्य करावा, आमच्यासारख्यांना तो पैसा लवकर परत मिळणार नाहीं. एसीलाही आमचा विरोध नाहीं. वृद्ध माणसास उष्मा सोसेनासा झाला तर तो चैनीचा विषय राहत नाहीं, आणि पुढील वैशाखांत तशी वेळ आली तर बंधूंचेंच म्हणणें मान्य करूं. परंतु तोही पांढऱ्या छपराखालीं लावावा, म्हणजे कमी चालेल.

कोष्टकास आम्हीं नवा रकाना जोडला आहे. त्यांत रुपये मांडतां येत नाहींत, म्हणून मातुःश्री सकाळीं किती वाजतां उठल्या तेवढें लिहितों.