वेबसाइटवर नोटीस लागते तेव्हा

परीक्षा अर्जाची मुदत वाढली आहे आणि तशी नोटीस विद्यापीठाच्या वेबसाइटवर लावायचं काम तुमच्याकडे आलं आहे. तुम्ही प्रोग्रामर नाही. परीक्षा विभागात लिपिक आहात किंवा एखाद्या विभागात सहायक प्राध्यापक आहात, आणि ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं’ एवढ्या पात्रतेवर वेबसाइट समितीत तुमचं नाव गेलं आहे. संगणक केंद्रातून लॉगिन येतं, जुजबी प्रशिक्षण होतं आणि पुढे तुम्ही एकटे.

जगभरातल्या अनेक विद्यापीठांच्या वेबसाइट ड्रुपल किंवा वर्डप्रेसवर चालतात. इथे ड्रुपल धरून चालू. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बॉयटार्टनं वसतिगृहातल्या मित्रांपुरती लिहिलेली ही प्रणाली 2001 साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या स्क्रीनवर ‘नवीन मजकूर’ दाबलं की आधी प्रकार विचारला जातो: साधं पान, बातमी, परिपत्रक, कार्यक्रम. घाईत माणूस पहिलाच पर्याय दाबून मोकळा होतो, आणि पुढचा बराचसा घोळ तिथेच सुरू होतो.

तुम्ही जे भरता ते पान नसतंच. ते डेटाबेसमधले रकाने असतात: शीर्षक, विषय, अंतिम तारीख, मजकूर, जोडलेली फाइल. वाचणाऱ्याच्या ब्राउझरनं मागणी केली की प्रणाली हे रकाने उचलते, विद्यापीठाच्या साच्यात बसवते, वर मेनू आणि खाली पत्ता लावते आणि तयार झालेलं पान पाठवते. म्हणूनच तुमचं एक परिपत्रक मुख्य पानावरच्या यादीत, परीक्षा विभागाच्या पानावर आणि अभियांत्रिकी शाखेच्या पानावर एकाच वेळी दिसू शकतं. ‘परीक्षा विषयाची, मुदत न संपलेली, अलीकडची पाच परिपत्रकं दाखव’ असा नियम संगणक केंद्रानं आधीच लिहून ठेवलेला असतो. हा नियम रकाने पाहतो, मजकूर वाचत नाही. परिपत्रक ‘साधं पान’ म्हणून टाकलंत आणि तारीख मजकुरात ठळक अक्षरांत लिहिलीत, तर माणसाला ती दिसेल, पण यादीत नोटीस येणारच नाही. मग मुख्य पानावर वेगळी लिंक हातानं चिकटवावी लागते, आणि तीन वर्षांनीही ती तिथे लुकलुकत असते.

मजकूर बहुधा वर्डमधून आणून चिकटवला जातो. त्याच्यासोबत वर्डची सजावटही येते: अक्षरांचा आकार, रंग, समास. मजकुराच्या चौकटीखाली ‘बेसिक एचटीएमएल’ अशी निवड असेल तर यातला बराच भाग गाळला जातो. ‘फुल एचटीएमएल’ असेल तर सगळं जसंच्या तसं राहतं आणि पान मोबाइलवर वेडंवाकडं दिसतं. ‘फुल’ म्हणजे चांगलं असा समज करून घेऊ नका. उपशीर्षकं अक्षरं मोठी-ठळक करून देऊ नयेत, यादीतून ‘हेडिंग 2’ निवडावं. पहिल्या पातळीचं हेडिंग शीर्षकाच्या रकान्यानं आधीच घेतलेलं असतं. डोळ्यांनी न पाहणारा विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या मदतीनं या हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारत पान वाचतो. ठळक केलेली ओळ त्याच्या लेखी हेडिंग नसते.

मराठी मजकुराला आणखी एक पेच आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव वळणाच्या फाँटमध्ये टाइप केलेलं परिपत्रक पडद्यावर देवनागरी दिसतं, पण फाइलच्या पोटात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. वेबसाइटवर चिकटवलं की खरा अवतार बाहेर येतो. त्यावर कार्यालयांनी शोधलेला उपाय म्हणजे कागद छापायचा, सही-शिक्का घ्यायचा, स्कॅन करायचा आणि पीडीएफ चढवायची. ती पीडीएफ म्हणजे अक्षरांचा फोटो. त्यात शोध लागत नाही, तिच्यातली तारीख कॉपी होत नाही, स्क्रीन रीडर तिच्यापुढे मुका होतो. सहीची प्रत हवी तर खुशाल जोडा. पण परिपत्रकाचा मजकूर युनिकोडमध्ये पानावर असायलाच हवा. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यानंतर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत.

पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, शीर्षकावरून आपोआप तयार होईल अशी सोय बहुतेक ठिकाणी केलेली असते. शीर्षक मराठी असेल तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर देवनागरीचं विचित्र रोमन लिप्यंतर होतं. नाहीतर पत्ता देवनागरीतच राहतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फुगतो. देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. ‘परीक्षा’ या शब्दात काना, वेलांटी, हलन्त धरून सात चिन्हं आहेत. त्यांची 63 अक्षरं होतात. तेव्हा पत्ता स्वतःच छोटासा रोमन लिहावा.

आता ‘मसुदा’ म्हणून जतन करा. बऱ्याच विद्यापीठांत लिहिणारा आणि प्रसिद्ध करणारा असे दोन अधिकार वेगळे ठेवतात, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक जतनाला प्रणाली नवी आवृत्ती ठेवते, जुनी पुसत नाही. शेजारी ‘काय बदललं’ अशी छोटी चौकट असते. ती कुणी भरत नाही. ‘उपकुलसचिवांच्या पत्रानुसार तारीख बदलली’ एवढं जरी लिहिलंत, तरी विद्यार्थी तक्रार घेऊन आला की कोणती तारीख कधी दिसत होती आणि का बदलली, हे मिनिटभरात दाखवता येतं. एकाच वेळी दोघांनी तेच पान उघडलं तर आधी जतन करणाऱ्याचं राहतं आणि दुसऱ्याला ड्रुपल अडवतं. अशा वेळी आपला मजकूर कॉपी करून घ्यावा आणि पान नव्यानं उघडावं.

प्रसिद्ध केल्यावरही साहेबांच्या संगणकावर जुनंच पान दिसत असेल तर घाबरू नका. लॉगिन न केलेल्यांसाठी पानाची तयार प्रत साठवून ठेवलेली असते. ती सर्व्हरवर, मधल्या यंत्रणेत किंवा त्यांच्या ब्राउझरमध्येच असू शकते. तुम्ही स्वतः लॉगिन केलेले असता, म्हणून तुम्हाला नवं दिसतं. खाजगी खिडकीत पान उघडून खात्री करा.

मुदत पुन्हा वाढली की नवं पान काढायचा मोह होतो. तो टाळा. त्याच पानावर तारीख बदला, कारण जुनी लिंक विद्यार्थ्यांच्या गटांत आधीच फिरलेली असते. फाइलचं प्रकरण मात्र जास्त बेरकी आहे. त्याच नावाची सुधारित पीडीएफ चढवलीत तर ड्रुपल साधारणपणे जुनीवर नवी लिहीत नाही. नव्या फाइलच्या नावाला ‘_0’ असं शेपूट लावतं. दोन्ही फाइली सर्व्हरवर राहतात. इतकंच नाही, पान अप्रसिद्ध केलं तरी खुल्या फोल्डरमधली त्याची फाइल थेट पत्त्यानं उघडतेच. गुगलला जुनी तारीख सापडते ती इथून. त्यामुळे जुनी फाइल संगणक केंद्राकडून काढून घ्यावी लागते, आणि पान हलवलं असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे 301 रिडायरेक्ट, लावून घ्यावं लागतं.

राहता राहिलं खातं. कर्मचारी निवृत्त झाला की त्याचं लॉगिन बंद करण्याचं पत्र निघतं, आणि बंद करणाऱ्यापुढे ड्रुपल चार पर्याय ठेवतं: खातं बंद, मजकूर तसाच; खातं बंद, मजकूर अप्रसिद्ध; खातं रद्द, मजकूर निनावी नावावर; आणि खातं मजकुरासकट रद्द. चौथ्यावर बोट पडलं तर त्या माणसाच्या नावावरची सगळी परिपत्रकं जातात आणि ती फक्त बॅकअपमधूनच परत येतात. पत्र पाठवताना त्यातच ‘पहिला पर्याय’ असं लिहून द्यावं.